वल्हांडणाची तयारी: खमीर, खपली आणि जावेच्या पाटल्या

तासगाव तालुक्यातल्या एका सुनेनं विचारलंय. दोन वर्षांपूर्वी तिनं बाप्तिस्मा घेतला. सासरी दुसरं कुणी विश्वासात नाही. नवरा अडवत नाही, पण मंडळीतही येत नाही. तिची छोटी मंडळी (चर्च) यंदा पहिल्यांदाच ज्यूंच्या निसान महिन्याच्या चौदाव्या संध्याकाळी वल्हांडण, म्हणजे मिसरातून (इजिप्तमधून) इस्राएलांच्या सुटकेचा सण, पाळून प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीतली भाकर आणि पेला, घेणार आहे. तिचं म्हणणं असं: "मावशी, घरातलं आंबवलेलं सगळं टाकून द्यायचं का? उपवास किती दिवसांचा? खरी तारीख कोणती? आणि माझं नणंदेशी वर्षभर बोलणं नाही, मनात राग आहे. तर त्या संध्याकाळी मी बसावं की नको?"

सलाम. मावशी म्हटलंस म्हणून एकेरीतच लिहिते. मी मिरजेत चौतीस वर्षं परिचारिका होते आणि त्यातली बरीच वर्षं मंडळीत प्रभुभोजनाचा मेज लावायचं काम माझ्याकडं आहे. भाकर भाजायची, रस गाळायचा, पेले पुसायचे. उपदेश करणारे पुढं असतात, मी मागच्या खोलीत. त्या खोलीतून जे दिसलं तेवढंच सांगते.

नणंदेचं तू सगळ्यात शेवटी विचारलंस, पण पत्र त्याच्यासाठीच लिहिलंयस हे कळतंय. म्हणून आधी तेच.

बसायचं. आमच्यात एक खोड आहे. भाकरीचं ताट समोर आलं की काहीजण मान खाली घालतात आणि ताट तसंच शेजाऱ्याकडं सरकवतात. नंतर विचारलं तर म्हणतात, मी लायक नाही, अयोग्यपणे खाल्लं तर दंड येतो असं शास्त्रात आहे. शास्त्रात आहे, 1 करिंथ 11 मध्ये. पण तो अख्खा अध्याय वाच. करिंथात काय चाललं होतं? पैसेवाले लवकर येऊन खाऊन-पिऊन मोकळे व्हायचे, मजूर दिवसभर राबून यायचा तोवर टोपल्या रिकाम्या. एक उपाशी, दुसरा झिंगलेला. पौल चिडलाय तो ह्यावर. 'अयोग्य प्रकारे' हे त्यानं खाण्याच्या रीतीबद्दल म्हटलंय, खाणाऱ्याच्या लायकीबद्दल नाही. अध्याय संपताना त्यानं तोडगा दिलाय तोही अगदी साधा: एकमेकांसाठी थांबा. आणि अठ्ठाविसावं वचन नीट बघ. माणसानं स्वतःची परीक्षा करावी आणि मग खावं. परीक्षा करून घरी बसावं असं तिथं नाही. लायक माणसांपुरताच मेज मांडायचा ठरवला तर मला पीठ भिजवायलाच नको.

हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर तीन वर्षं वाचली असती. सासूबाई गेल्या तेव्हा त्यांच्या दोन पाटल्या जावेकडं राहिल्या. एक मला द्यायची असं त्या बोलल्या होत्या, माझ्यासमोर, दवाखान्यातल्या खाटेवर. जाऊ म्हणाली, मला ठाऊक नाही. मी भांडले नाही, बोलणंच टाकलं. आणि तीन वर्षं मेज स्वतः लावून, भाकर स्वतः भाजून, ताट पुढं आलं की सरकवून दिलं. वाटायचं, मी किती गांभीर्यानं घेते! खरं सांगू का, ते गांभीर्य नव्हतं. न खाणं ही माझी फिर्याद होती, देवाच्या दारात रोज मांडलेली. आमच्या तेव्हाच्या पाळकांनी एकदा पेले धुताना सहज विचारलं, "बाई, तुम्ही परीक्षा करता ते कळलं. निकाल कधी लावता?"

त्या वर्षी सणाच्या दोन दिवस आधी एसटीनं जावेकडं गेले. तुझ्याच भागात. त्यांचं बेदाण्याचं शेड आहे, आणि मार्चच्या शेवटाला शेडवर कुणाला मान वर करायला सवड नसते हे तुला सांगायला नको. ती खाली पोत्यावर बसून बेदाणा निवडत होती. देठं एकीकडं, काळे पडलेले एकीकडं. मी शेजारी बसले आणि निवडायला लागले. अर्ध्या तासानं म्हटलं, पाटल्यांचा राग मी तीन वर्षं धरलाय, आता सोडायचाय, त्यासाठी आलेय. तिनं हात न थांबवता सांगितलं, "पाटल्या? त्या कवाच मोडल्या की गं. शेड घातलं त्या वर्षी."

मी ज्यासाठी तीन वर्षं उपाशी राहिले होते ती वस्तू जगात नव्हतीच. आमचं काही गळ्यात पडून रडणं झालं नाही. आजही फारसा फोन होत नाही. निघताना तिनं पिशवीत दोन किलो बेदाणे घातले, आणि त्या वर्षीच्या पेल्यातला रस त्याच बेदाण्यांचा होता.

म्हणून नणंदेबद्दल माझं उत्तर दोन तुकड्यांत आहे. जायचं, आणि ती काय म्हणते त्यावर आपलं बसणं अवलंबून ठेवायचं नाही. मत्तय 5 मध्ये अर्पण वेदीपाशीच ठेवून आधी भावाकडं जा असं सांगितलंय. भाऊ समेट करेलच असं आश्वासन दिलेलं नाही. रोमकरांस पत्रात पौलही 'तुमच्याकडून होईल तितकं' असंच म्हणतो. मात्र भांडण मारझोडीचं असेल, कुणी तुझ्या जिवावर उठलं असेल, तर एकटीनं समेटाला जायचं नाही. क्षमा मनातून करता येते, उंबऱ्याच्या अलीकडूनही. वॉर्डात इतकं बघितलंय की हे लिहिल्याशिवाय पुढं जाववत नाही.

आता खमीर.

आपल्याला खमीर म्हटलं की यीस्टची पुडी आठवते. निर्गमच्या, म्हणजे इस्राएल लोक मिसरातून निघाले त्या काळात पुडी नव्हती. कालच्या कणकेचा एक गोळा राखून ठेवायचा, तो आंबला की आजच्या कणकेत मिसळायचा, आणि आजच्यातला एक गोळा उद्यासाठी. विरजणासारखंच. तुझ्या घरातलं दही कुठल्या सालच्या दह्यापासून चालत आलंय हे कुणी सांगू शकेल का? खमीर तसं. बेखमीर भाकरीचे सात दिवस म्हणजे ती साखळी मधेच तोडायची. मिसरातला जुना गोळा बरोबर न्यायचा नाही. पौलानं 1 करिंथ 5 मध्ये जुनं खमीर काढून टाका म्हटलं ते ह्याच अर्थानं, आणि लगेच नाव घेऊन सांगितलं, वाईटपणाचं आणि दुष्टपणाचं खमीर. कालचं आज मिसळून जे आपोआप फुगत राहतं ते. पाटल्यांचा माझा राग दुसरं काय होता?

घरातलं काय काढायचं? शास्त्रातलं खमीर धान्याच्या पिठाचं आहे. म्हणजे पाव, बटर, खारी, टोस्ट, नान. दही-ताक ह्यात येत नाही. विरजण दुधाचं, ते राहू दे. खायचा सोडा हा मुळात खमीर नव्हे, पण काही मंडळ्या तोही बाजूला ठेवतात. तुमच्यात जे ठरेल त्यावर वाद घालू नकोस. इडलीचं पीठ, आंबोळी, जिलबी ह्यांचं म्हणशील तर ज्यू लोकांच्या नियमात गहू, जव आणि त्यांच्या जातीची मिळून पाच धान्यंच खमिराची धरतात. तांदूळ-उडीद त्यात नाही, मैद्याची जिलबी मात्र येते. आपण त्या नियमाखाली नाही. पण खूण म्हणून पाळायची तर खूण नीट ठाऊक असावी.

आणि हे नीट ऐक: घर तुझं एकटीचं नाही. सासूबाईंनी भिजवलेलं पीठ तू मोरीत ओतलंस तर त्यांच्या लेखी तू अन्न फेकलंस, आणि सण त्यांच्यासाठी तिथंच संपला. एक फडताळ किंवा एक डबा तुझा धर. त्यातलं काढ, पूस, आठवडाभर रिकामं ठेव. टाकायचं तर काहीच नाही. चार दिवस आधी संपव किंवा देऊन टाक. एका वर्षी मी उत्साहात फ्रिजमागचं सगळं ओढून काढलं, पाठ धरली, आणि सणाच्या संध्याकाळी कंबरेला पट्टा बांधून बसले. कंबरा कसलेल्या असाव्यात असं निर्गम 12 मध्ये आहेच म्हणा!

ह्यापेक्षा मला उसन्या भांड्यांचं आवडतं. तयारीच्या पहिल्या संध्याकाळी मी घरातली लोकांची भांडी शोधते. शेजारणीचा डबा, भावजयीचं पातेलं, कुणाची तरी झाऱ्याची जोडी. दरवर्षी चार-पाच निघतातच. डबा रिकामा परत द्यायचा नाही ही आपली रीत, म्हणून काहीतरी घालून द्यावं लागतं, दारात उभं राहून बोलावं लागतं. किराणावाल्याची उधारी, भिशीतला हप्ता, मोलकरणीचे राहिलेले पैसे, हेही त्याच संध्याकाळी. आत्मपरीक्षण आत्मपरीक्षण म्हणून डोळे मिटून बसलं की मला झोप येते. डबे परत करायला निघालं की मात्र कुणाकडं जायला पाय उचलत नाही ते लगेच कळतं.

तयारीला मी चार दिवस धरते, आणि ते मनानं काढलेले नाहीत. कोकरू महिन्याच्या दहाव्या दिवशी घरात आणायचं आणि चौदाव्यापर्यंत सांभाळायचं अशी आज्ञा आहे. मेंढरांतलं किंवा बकऱ्यांतलं, एक वर्षाचं, निर्दोष. चार दिवस! शहरातल्या माणसाला ह्याचं काही वाटत नाही. तू गावातली आहेस, तुला कळेल. जत्रेआधी बोकड दारात बांधलेला असतो, पोरं त्याला पाला घालतात, नाव ठेवतात, त्याच्या शिंगांना हात लावून शाळेत जातात. आणि जत्रेच्या दिवशी त्यातलं एखादं पोर जेवत नाही. मिसरातल्या इस्राएली घरांत त्या चार दिवसांत तेच झालं असणार. थोरल्या मुलानं ज्याला पाला घातला, त्याचंच रक्त दोन्ही दारबाह्यांना आणि कपाळपट्टीला, त्या रात्रीच्या मरणातून तो थोरला वाचावा म्हणून. चार दिवस रोज संध्याकाळी योहानाचा तेरावा ते सोळावा अध्याय एकेक करून वाच, आणि ते पोर डोळ्यापुढं ठेव. दुसरं काही वाचलं नाहीस तरी चालेल.

'वल्हांडण' हा शब्द तरुण मुलांना परका वाटतो. आपल्याकडं अजून म्हातारी माणसं "उंबरा वलांडून ये" म्हणतात की! देव रक्त लावलेलं दार वलांडून पुढं गेला, एवढंच त्यात आहे.

तारखेचं लवकर उरकते. ज्यू पंचांग चंद्रावर चालतं, आणि ऋतू जुळावेत म्हणून एकोणीस वर्षांत सात वेळा जादा महिना घालतं; आपला अधिक मासही साधारण त्याच प्रमाणात येतो. त्यामुळं हा सण नेहमी पौर्णिमेच्या आसपास, बहुतेकदा चैत्रातल्या. ईस्टर वेगळ्या हिशेबानं निघतो, म्हणून दोन्ही कधी चिकटून येतात, कधी महिनाभर लांब पडतात. 2027 मध्ये ईस्टर 28 मार्चला आणि ज्यूंचा वल्हांडण 21 एप्रिलच्या संध्याकाळी आहे. काही मंडळ्या प्रभूनं शिष्यांबरोबर घेतलं म्हणून आदल्या संध्याकाळी, चौदावा दिवस लागतानाच बसतात. बाकीचे आपण उत्तम शुक्रवाराच्या (गुड फ्रायडेच्या) आदल्या गुरुवारी. हा वाद फार जुना. इसवी सन 155 च्या सुमाराला स्मुर्ण्याच्या मंडळीचा म्हातारा बिशप पॉलिकार्प रोमला गेला. तो चौदाव्याला पाळणारा, रोमचा बिशप अनिकेत (अनिसेटस) रविवारचा. कुणी कुणाचं ऐकलं नाही, पण प्रभुभोजन दोघांनी एकत्र घेतलं. रविवारवर शिक्का बसला तो पुढं 325 मध्ये, निकियाच्या परिषदेत. तुमच्या वडीलजनांनी ठरवलेल्या संध्याकाळी जा. एक व्यवहाराची गोष्ट मात्र ध्यानात ठेव. चैत्र पौर्णिमेला जोतिबाची यात्रा असते, सासनकाठ्या निघालेल्या असतात, आणि त्या दोन दिवसांत एसटीचा भरवसा नसतो. लवकर नीघ.

उपवासाबद्दल परिचारिका म्हणून बोलते. पहिल्या शतकांतले ख्रिस्ती ह्या सणाआधी कुणी एक दिवस, कुणी दोन दिवस उपवास करत. पण सांगलीत एप्रिलमध्ये पारा चाळिशीकडं जातो. साखरेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल, दिवस गेले असतील, अंगावर पाजत असशील, तर पूर्ण उपवास नको. एकवेळ जेव, पाणी सोडू नकोस. प्रार्थनेत चक्कर येऊन पडलेल्या दोन बायका मी उचलल्यात, आणि दोघींना पवित्र आत्म्यानं पाडलं असं आजूबाजूचे म्हणत होते. साखर तपासली तर पन्नाशीत.

भाकर कशी करतात हे तू विचारलं नाहीस, पण पहिलं वर्ष आहे म्हणजे कुणाच्या तरी गळ्यात पडणार. मिळाली तर खपली घे. तुझ्या तालुक्यात लग्नात, उरुसात खपलीची खीर असते ना, तोच गहू. मिसरात फार पूर्वीपासून भाकरीला तोच वापरत. तिचं पीठ ताणत नाही, लाटताना कडा फाटतात, फाटू दे. पीठ, पाणी, चिमूट मीठ. पाणी लागल्यापासून अठरा मिनिटांत भाजून झाली पाहिजे असा ज्यूंचा नियम आहे, पुढं पीठ आपणहून आंबायला लागतं म्हणून. मी घड्याळ लावते. नियमासाठी नाही, घाईसाठी. ती भाकर पळताना केलेली आहे. मळून झाकून ठेवून निवांत केली तर मग पोळीच ती. लाटली की काट्यानं भरपूर टोच, नाहीतर तव्यावर फुगते. भाजताना मी बोलत नाही, फोन दुसऱ्या खोलीत असतो. माझी खरी तयारी त्या अठरा मिनिटांत होते.

रसासाठी काळे बेदाणे. पाव किलो, आधी कोमट पाण्यानं दोनदा धू, कारण वाळवण्याआधी द्राक्षं कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात बुडवलेली असतात. लिटरभर पाण्यात रात्रभर भिजव, सकाळी मंद आचेवर अर्धा तास उकळ, कुस्करून गाळ. कोकणातले बेने इस्राएल, म्हणजे आपले मराठी बोलणारे ज्यू, आशीर्वादाच्या पेल्याला असाच भिजवलेल्या बेदाण्यांचा रस घेत आलेत. ह्या सणाला ते पूर्वी 'अनशी ढाकाचा सण' म्हणत, आंबट रसाचं भांडं झाकून ठेवायचा सण. किती घरगुती नाव! त्याच दिवशी वापरायचा रस, नाहीतर ह्या उन्हात दुसऱ्या दिवशी फसफसतो आणि बेखमीर सणाला खमीर पेल्यातून येतं.

बेने इस्राएलांचं नाव निघालं म्हणून सांगते. हल्ली काही ठिकाणी अख्खा ज्यू विधी करायची हौस आलीय. चार पेले, खारं पाणी, लपवलेला भाकरीचा तुकडा, हिब्रू गाणी मोबाइलवर. मला ते पटत नाही. त्या विधीचा आजचा बराचसा साचा यरुशलेमचं मंदिर 70 साली पडल्यानंतर बसलाय, आणि तो त्यांच्या घरचा आहे. 1874 साली पुण्यात तो मराठी भाषांतरासह छापला गेला, इतका तो इथल्या मराठी ज्यूंचा स्वतःचा. पाहुणा म्हणून बसावं, पाठ करून नाटक करू नये. नारायण वामन टिळकांनी 1917 मध्ये साताऱ्यात 'देवाचा दरबार' काढला, तो मिशनच्या चौकटीबाहेर, आपल्या मातीतल्या रीतीनं ख्रिस्ताला भजता यावं म्हणून. त्यांच्यानंतर शंभर वर्षांनी आपण विलायती सोडून उसनं हिब्रू घ्यावं ह्याला काय म्हणायचं? कडू भाजी हवी असेल तर मेथीची चार पानं पुरेत.

पाय धुणं मात्र सोडू नका. आपल्याकडं पायाला हात लावतात तो धाकट्यानं थोरल्याच्या. त्यामुळं मंडळीत पाय धुवायचे म्हटले की तरुण मुली धावत येऊन म्हाताऱ्यांचे धुतात, आणि सगळ्यांना छान वाटतं, कारण काहीच उलटं झालेलं नसतं. प्रभूनं केलं ते उलटं होतं. आम्ही एका वर्षी ठरवलं, थोरल्यानं धाकट्याचे धुवायचे. सत्तरीच्या एका सासूनं घमेल्यात पाणी घेऊन सुनेचे पाय धुतले. सून भांगलणीला जाणारी, टाचांना भेगा, भेगांत काळी माती बसलेली, ती साबणानंही निघत नव्हती. सून पाय मागं ओढत होती. म्हातारी म्हणाली, "गप बस की गं, मला तर कुठं वाकायला येतंय, लवकर होऊ दे." पाच मिनिटं लागली असतील. त्या दिवशी उपदेश काय झाला ते कुणालाच आठवत नाही. आणि योहान 13 वाचताना एक बघ, प्रभूला धरून देणारा यहूदा अजून उठून गेलेला नाही. त्याचेही पाय धुतलेत.

नणंदेचे पाय धुवायला कुणी सांगत नाही तुला. तिचा डबा असेल तर परत कर.

संध्याकाळी वेळेआधी पोच, दारात चप्पल काढलीस की जरा थांब, लगेच आत जाऊन गप्पांत पडू नकोस. उरलेली भाकर सकाळपर्यंत ठेवायची नाही, तिथंच वाटून संपवा. उरलेला रस आम्ही कढीपत्त्याच्या बुंध्याशी ओततो. आणि पेले धुवायला माणसं कमीच पडतात. नवऱ्याला म्हणावं घ्यायला ये आणि अर्धा तास आधी ये, बादल्या उचलायला. तेवढ्यानं तो हॉलच्या आत तरी येईल.